लाल चौकट

भांडण कशावरून चाललंय हे घरी सांगायची शर्वरीला लाज वाटायची. एखादी सूचना लिहिताना तिच्याआधी हॅश काढायचा, दोन टिंबं द्यायची, की ती कोनी कंसांत बसवायची, यावर शिकलेसवरलेले लोक उन्हाळ्यापासून वाद घालत होते आणि आता दिवाळीचा फराळही संपत आला होता.

"वन्सं, आज कोण जिंकलं?" पल्लवीवहिनी ताटं घेता घेता विचारायची. "टिंबवाले की कंसवाले?"

"कोणी नाही. गोडखिंडी सरांनी उपसमिती नेमली."

"चांगलं झालं. आमच्या वॉर्डात बाळ कसं गुंडाळायचं यावर उपसमिती नेमली, की बाळ स्वतःच उठून दुपटं शोधेल."

वहिनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात स्टाफ नर्स होती. शर्वरीला चिडवायचा तिचा हक्क तिथूनच आला होता, कारण शर्वरीचं भांडण शेवटी तिच्याच कक्षात जाऊन पोचणार होतं.

शर्वरी इंगवले पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. कोल्हापुरात विद्यापीठात असताना तिनं आणि तिच्या वर्गातल्या मुबीन शिकलगारनं 'ऊब' नावाची एक लायब्ररी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा. कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा आणि आपल्या यंत्रात वापरावा. 'ऊब' नवजात बाळांच्या वॉर्मरसाठी होती. वॉर्मरमध्ये बाळाच्या पोटावर एक छोटा सेन्सर चिकटवतात. कातडीचं तापमान उतरलं की वरचा हीटर वाढतो, चढलं की कमी होतो. इतकं कोणालाही जमेल. खरी अडचण सेन्सर निसटला की सुरू होते. निसटलेला सेन्सर खोलीची हवा मोजतो, हवा बाळापेक्षा गार असते, यंत्राला वाटतं बाळ थंड पडलं, आणि ते हीटर वाढवत नेतं. बाळ खाली भाजत असतं.

'ऊब'चं उत्तर साधं होतं. जिवंत शरीराचं तापमान काही सेकंदांत धाडकन कोसळत नाही. कोसळलं, तर हीटरची वीज तोडायची आणि अलार्म वाजवायचा. मात्र यासाठी सेन्सरचा आकडा जसा येईल तसाच वाचला पाहिजे. विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाचा हात इथे एका गोष्टीकडे जातो: आकडे थोडे थरथरतात, तर मागच्या वीस-पंचवीस आकड्यांची सरासरी घेऊ. आलेख छान गुळगुळीत होतो, आणि धाडकन कोसळणंसुद्धा त्यात हळूहळू उतरल्यासारखं दिसतं. मग अलार्म वाजत नाही.

ही चूक आधी मुबीननं केली, मग शर्वरीनं, मग मदतीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं. म्हणून मुबीननं एक रिवाज पाडला. 'ऊब'मध्ये ज्याला काम करायचंय त्यानं आधी स्वतःची चूक जमा करायची, कोडसकट. ही प्रवेश फी. लायब्ररीच्या माहितीपुस्तकात या चुकांचं एक लांबलचक पान होतं. प्रत्येक चूक लाल चौकटीत. देशोदेशीचे विद्यार्थी बाकी काही वाचत नसत, ते पान मात्र वाचून हसत आणि शहाणे होत.

हे सगळं वाचणारी माणसं होती तोवर ठीक होतं.

मग वाचक आला.

यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रोग्राम लिहायला माणसं ठेवणं जवळपास बंद केलं होतं. त्यांनी वाचकाला सांगायचं, "आम्हाला वॉर्मर करायचाय." वाचक हा एक भलाथोरला प्रोग्राम. तो जगातल्या सगळ्या उघड्या लायब्रऱ्यांची माहितीपुस्तकं वाचायचा, त्यांतून योग्य तुकडे निवडायचा, एकमेकांना जोडायचा आणि यंत्राचा प्रोग्राम तयार करून द्यायचा. लायब्ररीतलं मूळ कोड तो क्वचितच बघे. कोड लाखो ओळींचं, माहितीपुस्तक थोडक्यात. म्हणून तो पुस्तकावर विश्वास ठेवायचा. मिक्सरपासून लिफ्टपर्यंत सगळं असंच बनू लागलं. कोड बरोबर आणि पुस्तक चुकीचं असेल, तर यंत्र चुकीचं, हा नवा नियम लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला.

वाचकाला माणसासारखा अर्थ कळत नाही. कुठल्या वाक्याला किती वजन द्यायचं हे तो ठरवतो, आणि वजनं बेरजेनं ठरतात. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की तीच रीत असं तो मानतो. वजनांत घोळ होऊ नये म्हणून वाचक चालवणाऱ्या संघानं फर्मान काढलं: पुढच्या वर्षापासून माहितीपुस्तक कंसवाल्या मार्कअपमध्येच हवं. मार्कअप म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा. आतापर्यंत त्या फक्त ठळक काय, मथळा काय एवढंच सांगत. आता प्रत्येक परिच्छेदावर चारपैकी एक खूण लागणार होती: हमी, कृती, उदाहरण किंवा मर्यादा. उरलेलं सगळं 'मजकूर', आणि मजकुराला वजन जवळजवळ शून्य. जी लायब्ररी हे करणार नाही ती 'अलिखित' ठरणार. अलिखित लायब्ररी वाचक घेत नाही.

"घेत नसेल तर नको घेऊ दे," मुबीन म्हणाला.

ते उद्यमनगरात त्याच्या अब्बांच्या लेथच्या कारखान्यावरच्या खोलीत बसले होते. खालून लोखंड कातल्याचा आवाज येत होता, त्यामुळे त्या खोलीत सगळी बोलणी भांडल्यासारखीच व्हायची.

"मग वॉर्मर बनवणारी ती भोसरीची कंपनी ऊब सोडून दुसऱ्याची विकतची लायब्ररी घेईल," शर्वरी म्हणाली. "वॉर्मरची किंमत दुप्पट होईल. वहिनीच्या दवाखान्याला मिळणार नाही. हे तुला चालेल?"

"मला चालायचा प्रश्न कुठं आला, इंगवले? तू मला एवढं सांग, 'हे का होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही', या वाक्याला कुठली खूण लावू? हमी? कृती?"

"मर्यादा."

"ती आमच्या अकलेची मर्यादा आहे, लायब्ररीची नव्हे. माझ्या पुस्तकात अशी पन्नास वाक्यं आहेत. माणूस वाचतो आणि सावध होतो. तुझा वाचक काय होणार?"

"माझा नाही तो."

"कंसवाल्यांची पुढारी झालीस की. गोडखिंडी सर परवा म्हणालेच."

गोडखिंडी सर बेळगावचे निवृत्त प्राध्यापक, टिंबवाल्यांचे म्होरके आणि 'ऊब' सांभाळणाऱ्या गटाचे अध्यक्ष. टिंबवाल्या मार्कअपमध्ये स्वतःच्या चौकटी तयार करता येतात, म्हणून ते त्यावर लुब्ध होते. चुकांच्या पानावरची लाल चौकट त्यांनीच बनवली होती. हॅशवाल्यांना काहीच बनवायचं नव्हतं, त्यांना फक्त शांतपणे लिहू द्या एवढं म्हणणं होतं. कंसवाल्यांचं म्हणणं एकच: पर्याय नाही. शर्वरीला कंस आवडत नव्हते, पण मुदत दिसत होती. तिनं तक्ते केले, तिन्ही मार्कअपची तुलना केली, प्रत्येकाचे दोष मांडले. लोकांनी तक्त्याच्या रकान्यांच्या क्रमावर हरकत घेतली.

शेवटी मतदान झालं आणि कंस जिंकले. मुबीननं गटाला एका ओळीचा निरोप टाकला, "पुस्तक तुमचं, मी मोकळा," आणि मामूच्या मुलीच्या लग्नाच्या तयारीला मिरजेला निघून गेला. शर्वरीला त्यानं वेगळं काही कळवलं नाही.

पुस्तक हातानं बदलणं शक्य नव्हतं. गोडखिंडी सरांनी रूपांतर करणारा एक प्रोग्राम सुचवला, सगळ्यांनी तो तपासला, शर्वरीनं तो चालवला. टिंबं गेली, कंस आले. कुठेही चूक दाखवणारी लाल रेघ उमटली नाही. वाचकानं नवं पुस्तक वाचलं आणि शेरा दिला: 'आकलन उत्कृष्ट.' इतका वरचा शेरा भारतातल्या फार कमी लायब्रऱ्यांना मिळाला होता. गटावर टाळ्यांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं की आपला मूळ विरोध तात्त्विक होता, तो कायम आहे, पण अभिनंदन.

शर्वरीनं मुबीनला शेऱ्याचं चित्र पाठवलं. त्यानं पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी वहिनीचा फोन आला. मागे कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं.

"कामात आहेस?"

"नाही. बोला."

"नवा वॉर्मर आला आज. भोसरीचा माणूस बसवून गेला. मी माझ्या सवयीनं बघितलं. दुपट्यात सलाईनची कोमट बाटली गुंडाळून ठेवली, तिच्यावर सेन्सर लावला, आणि ओढून काढला."

"मग?"

"मग काहीच नाही. जुना असता तर शेजारच्या वॉर्डापर्यंत बोंबलला असता. हा गप्प. वर हीटर वाढवत बसलाय. बाटलीला हात लावला तर चटका बसला. वन्सं, ही तुमचीच ऊब ना?"

"आत बाळ नाही ना?"

"नाही गं. बंद करून कोपऱ्यात सरकवलाय. पण अशीच यंत्रं गडहिंग्लजला गेलीत, चंदगडला गेलीत. आणि तो माणूस म्हणत होता, जुन्या सगळ्या वॉर्मरांत सोमवारी हाच नवा प्रोग्राम आपोआप जाणार. सगळ्याच नर्सा बाटल्या गुंडाळून बघत नाहीत."

शर्वरीनं कोड उघडलं. कोड जसंच्या तसं होतं, निर्दोष. मग तिनं वाचकानं वॉर्मरसाठी जुळवलेला प्रोग्राम मागवला. वाचक तो लपवत नाही. फक्त कोणी मागत नाही. सेन्सरचा आकडा घेतल्यावर पहिल्याच ओळीत सरासरी होती.

ती कुठून आली हे शोधायला वेळ लागला नाही. गोडखिंडी सरांची लाल चौकट टिंबवाल्या मार्कअपमध्ये त्यांनी स्वतः घडवलेली होती. तिचा लाल रंग पुस्तकाच्या रंगरूपाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहत होता. चौकटीच्या आत 'असं करू नका' हे शब्द कोणीच लिहिले नव्हते, कारण लाल दिसत होतंच. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही चौकट ओळखीची नव्हती. आत कोड दिसलं, त्यानं खूण लावली: उदाहरण. पानाच्या माथ्यावरची मुबीनची प्रस्तावना झाली मजकूर, वजन शून्य. बरोबर पद्धतीचं उदाहरण संपूर्ण पुस्तकात एकदाच होतं. चुकांच्या पानावर मात्र सगळ्यांनी प्रामाणिकपणे तीच ती सरासरी लिहून ठेवली होती. वाचकानं बेरीज केली. एवढे सगळे लोक जे करतात तेच बरोबर असणार.

तिनं गटाची तातडीची बैठक बोलावली. पडद्यावर एकेक चौकोनी चेहरा उगवला.

"पान काढून टाका, विषय संपला," कोणीतरी म्हणालं.

"काढलं तरी वाचक नवं पुस्तक आठवड्यानं वाचतो," शर्वरी म्हणाली. "सोमवार त्याच्या आधी आहे. तत्काळ होते अशी एकच गोष्ट आहे. माघार. आपण पुस्तक मागे घेतलं की ऊब त्याच क्षणी अलिखित ठरते, आणि नव्या पुस्तकावरून बनलेली यंत्रं आणि अपडेट दोन्ही थांबतात."

"आणि वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही," गोडखिंडी सर म्हणाले. "शर्वरी, वर्षभरात ऊब कोणाच्या आठवणीतही राहणार नाही."

"माहीत आहे, सर."

"मग अशा निर्णयाला रीतसर मतदान हवं. किमान तीन दिवसांची सूचना..."

"सर, तीन दिवसांनी सोमवार उजाडलेला असेल."

"नियम आपणच केलेत ना? शिवाय माघारीची नोटीससुद्धा कंसवाल्या मार्कअपमध्ये द्यावी लागते. तिचा मसुदा कोण करणार? कारण कुठल्या खुणेखाली घालायचं? मी मागेच म्हटलं होतं, टिंबांमध्ये आपण 'माघार' नावाची चौकट..."

शर्वरीनं आवाज बंद केला. सरांचे ओठ हलत राहिले. माघारीसाठी गटाची गरज नव्हती, दोन मुख्य सांभाळणाऱ्यांच्या सह्या पुरत होत्या. एक तिची. दुसरी मिरजेला, लग्नात.

फोन तिसऱ्या वेळी उचलला गेला. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गलका होता.

"पंगत बसलीय, इंगवले. शेरा बघितला मी. अभिनंदन."

"मुबीन, सही हवीय. माघारीची."

तिनं सगळं सांगितलं. गलका हळूहळू मागे पडला. तो बाहेर कुठेतरी येऊन उभा राहिला असावा.

"चुकांचं पान," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी म्हणालो होतो, असं म्हणायचा चान्स होता. पण मी हे म्हणालोच नव्हतो. मी भलत्याच वाक्यांवरून भांडत बसलो. त्या पानाचं मला सुचलंसुद्धा नाही."

"मलाही नाही. कोणालाच नाही. आम्ही रकान्यांच्या क्रमावर होतो."

"ऊब संपेल, माहितीय ना? भोसरीवाले पुढची ऑर्डर दुसऱ्या लायब्ररीवर काढतील."

"काढू देत."

"तुझ्या वहिनीला मग काय देतील?"

"जुना वॉर्मर आहे. बोंबलतो तरी." तिचा आवाज चिरकला, तशी तिला स्वतःचीच चीड आली. "सही करतोस का? का तुलाही उपसमिती हवीय?"

"नोटीस पाठव. चार खुणांत 'आम्ही चुकलो' कुठं बसवतेस बघू."

तेच बसत नव्हतं. कृतीत घातलं तर वाचक ते करायला घेईल. उदाहरणात घातलं तर काय होतं ते दिसलंच होतं. मर्यादेत घातलं, तर पडताळणी करणाऱ्या प्रोग्रामनं ते परत फेकलं: मर्यादेला मोजमाप आवश्यक. तिनं परत लिहिलं, परत फेकलं गेलं. शेवटी सगळं पुसून तिनं एकच ओळ ठेवली. हमी: कोणतीही नाही.

पडताळणी पार झाली. मिरजेहून सही आली. थोड्याच वेळात पडद्यावर 'ऊब'च्या नावापुढे राखाडी अक्षरं उमटली: अलिखित. आकलनाचा शेरा गेला. वहिनीनं कळवलं की कोपऱ्यातल्या वॉर्मरवर 'अपडेट स्थगित' असा संदेश आलाय आणि आता तो चालूच होत नाही, जे तिच्या मते त्याचं पहिलं शहाणपणाचं काम होतं.

शनिवारी सकाळी भोसरीहून फोन आला. कंपनीत उत्पादन सांभाळणारे हृषीकेश लोहोकरे. आवाज तरुण आणि वैतागलेला.

"मॅडम, आमची सगळी लाइन थांबलीय. तुमच्या लायब्ररीला झालं काय?"

शर्वरीनं त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली.

"आम्ही चाचणी केली होती," लोहोकरे म्हणाले. "म्हणजे वाचकानंच केली. त्यानंच चाचण्या लिहिल्या आणि त्यानंच पास केल्या." मग त्यांनी घसा साफ केला. "वरच्यांचं म्हणणं आहे दुसरी लायब्ररी घ्या. तिचा दर बघितला. सरकारी ऑर्डरच्या दरात तो बसत नाही. यंत्रं बांधून तयार आहेत. दुसरा काही उपाय?"

"लायब्ररी आहे तिथेच आहे. कोड बरोबर आहे. वाचकाशिवाय वापरायची. तुमच्या माणसानं प्रोग्राम स्वतः लिहायचा."

"माणूस म्हणजे मीच. कॉलेजात लिहायचो. नंतर कधी..." ते थांबले. "तुमचं पुस्तक माणसाला वाचता येईल असं आहे का?"

"जुनं आहे. टिंबवालं."

"म्हणजे?"

"काही नाही. उघडा. मी फोनवर आहे."

मुबीन मिरजेहून परतला होता. तोही फोनवर आला, शर्वरीशी एक शब्द न बोलता, लोहोकऱ्यांना मात्र 'साहेब, पाचवं पान काढा' म्हणत. लोहोकरे अडखळत वाचत होते. एका वाक्यावर ते तीनदा मागे गेले. शर्वरीला दर मिनिटाला वाटत होतं की हा माणूस आता फोन ठेवील. सेन्सरचं प्रकरण आलं. आकडा धाडकन कोसळला तर हीटर बंद करा, अलार्म वाजवा.

"थांबा," लोहोकरे म्हणाले. "एक विचारू? बावळट वाटेल."

"विचारा."

"समजा सेन्सर निसटला नाही. आकडा दुसऱ्याच कशामुळे पडला. कोणी गार पाण्याचा हात लावला, बाळानं दुपटं भिजवलं. बाळाला ऊब हवीय, आणि आपण नेमका तेव्हाच हीटर बंद करतोय. मग बाळ गारठणार नाही का?"

"गारठेल, पण सावकाश," मुबीन म्हणाला. "भाजण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. तोवर अलार्म ऐकून नर्स येते, सेन्सर बघते आणि हीटर हातानं चालू करते. अलार्म त्यासाठीच आहे, साहेब. ती येईपर्यंत यंत्रानं काही ठरवायचं नाही."

"हां, मग पटलं. म्हणजे हीटर आपोआप परत सुरू व्हायला नको. मी तर आता तसाच लिहिणार होतो." कळफलकाचा आवाज आला आणि थांबला. "हे कुठल्या पानावर आहे? माझ्या इथे सापडत नाहीये."

शर्वरीनं पुस्तकात शोधलं. 'नर्स' हा शब्द टाकला. मग 'परिचारिका' टाकला. मग सेन्सरचं पूर्ण प्रकरण पहिल्यापासून वाचून काढलं. मुबीनही वाचत असावा; त्याचा श्वास ऐकू येत होता.

"नाहीये," ती म्हणाली.

"कुठल्याच पानावर?"

"कुठल्याच नाही."

"ते आपल्याला माहीतच होतं की," मुबीन हळू म्हणाला. तो आता तिच्याशी बोलत होता. "म्हणून लिहिलं नाही."

लोहोकरे वाट बघत होते. शर्वरीनं रिकामी फाइल उघडली आणि लिहू लागली: अलार्म वाजल्यावर नर्स येईपर्यंत हीटर बंदच राहील. तो पुन्हा सुरू करायचा की नाही हे तिनं बाळाला हात लावून ठरवायचं.

"वाचून दाखवता?" लोहोकरे म्हणाले.

तिनं वाचून दाखवलं.

"पुन्हा एकदा, जरा सावकाश," ते म्हणाले, "मी लिहून घेतो."